डिझेल कॅम्पर व्हॅन: चढावर रेल प्रेशर पडतं (पी००८७), पंप बदलायच्या आधी काय तपासावं?

चाकांवरचं घर
गाडीचा तपशील आधी देते. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल), चार सिलिंडर. टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, हाय प्रेशर पंपच्या पोटातला गिअर पंपच टाकीतून डिझेल ओढतो. सामान-पाण्यासकट वजन साधारण ३३०० किलो. वर्षातले सहा-सात महिने गाडी उभी असते. डिझेलवर चालणारा केबिन हीटर बसवलेला आहे.

सपाटीवर काही तक्रार नाही. लांब चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की २८०० आरपीएमच्या आसपास ताकद जाते, इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद मर्यादित) जाते. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. कोड एकच, पी००८७. सकाळी सेल्फही चार-पाच सेकंद मारावा लागतो. डिझेल फिल्टर नुकताच बदललाय. 'हाय प्रेशर पंप गेला' असं निदान मिळालंय, पण त्यासाठी मोजमाप काहीच केलेलं नाही. कुठल्या क्रमाने तपासावं?

रेलचा डबा
पी००८७ म्हणजे 'पंप गेला' नव्हे. इसीयूने (इंजिनच्या कंप्युटरने) जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये आलं नाही, कोड फक्त एवढंच सांगतो. कारणं चार प्रकारची असतात. पंपाला डिझेल पुरत नाही. पंपाला डिझेल मिळतंय पण दाब तयार होत नाही. दाब तयार होतोय पण इंजेक्टरच्या रिटर्नमधून (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) किंवा रेलवरच्या व्हॉल्व्हमधून निसटतोय. नाहीतर दाब ठीक आहे आणि सेन्सर खोटं बोलतोय.

स्कॅनरवर नुसते कोड वाचून भागत नाही, चालत्या गाडीचा ग्राफ घ्या. चार रेषा पुरतात: मागितलेलं रेल प्रेशर, प्रत्यक्ष रेल प्रेशर, पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हची (पंपात किती डिझेल सोडायचं ते हा ठरवतो) कमांड आणि आरपीएम. गरम इंजिनला आयडलवर बहुतेक गाड्यांत २५० ते ३५० बार दिसतं. पूर्ण लोडवर इंजिनच्या पिढीप्रमाणे १३५० पासून २००० बारपर्यंत मागणी जाते. प्रत्यक्षातली रेषा मागणीला चिकटून असली आणि जेमतेम ३०-४० बार खालीवर झाली तर काळजी नको.

आकड्यापेक्षा रेषेचा आकार बघा. मागणी चढते, प्रत्यक्ष दाब थोडा वेळ सोबत जातो आणि मग सावकाश खाली झुकतो, मीटरिंग व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडायची कमांड घेऊन बसलेला असतो, तर पंप उपाशी आहे. दाब सगळ्याच आरपीएमला मागणीच्या खाली राहतो, आयडललाही व्हॉल्व्हला नेहमीपेक्षा जास्त उघडावं लागतं, आणि इंजिन गरम झाल्यावर हे वाढतं, तर आतली गळती: इंजेक्टर, रेलवरचा व्हॉल्व्ह किंवा झिजलेला पंप. रेषा एकदम कड्यावरून पडल्यासारखी पडून लगेच वर येते, तर वायरिंग, कनेक्टर किंवा सेन्सर.

ओहम शांती
सेन्सरचं आधी उरकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. गाडी रात्रभर उभी असताना किल्ली ऑन, इंजिन बंद. रेल प्रेशर शून्याच्या जवळ दिसायला हवं. तिथेच ८०-१०० बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थिंग सरकलीय. बहुतेक तीन वायरी सेन्सरना ५ व्होल्ट पुरवठा असतो, शून्य दाबाला सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास आणि कमाल दाबाला ४.५ च्या आसपास. अर्थिंग वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांत इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

मीटरिंग व्हॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स बॉशच्या बहुतेक पंपांत ३ ओहमच्या आसपास असतो. पण कॉइल ठीक म्हणजे व्हॉल्व्ह ठीक असं समजू नका. आतला पिस्टन डिंकासारख्या थराने अडकलेला असला तरी मीटर बिचारा ३ ओहमच दाखवणार.

पान्हा नं. १७
रेलच्या डब्याशी सहमत. ताई, तुमचा पंप डिझेल ओढून घेणारा आहे, म्हणून तुमच्याकडे लो प्रेशर मोजायचं म्हणजे खरं तर व्हॅक्यूम मोजायचा. लागणारं सामान:

– ० ते १ बार व्हॅक्यूम गेज
– लाइनच्या मापाचा टी (तीन तोंडांचा जोड) आणि डिझेलला चालणारी नळी
– ३०-४० सेंटिमीटर पारदर्शक नळी, तीही डिझेलला चालणारी (मत्स्यालयातली नको, ती कडक होते आणि जोडाशी हवा घेते)
– नळीच्या मापाच्या गोल क्लिपा

पहिलं माप फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये, दुसरं टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये. दोन्हींतला फरक म्हणजे फिल्टरचा अडथळा. ढोबळ आकडे असे: आयडलला ०.१ ते ०.२ बार, आरपीएम वाढवल्यावर ०.३ पर्यंत. ०.४ च्या वर काटा गेला की कुठेतरी गळा आवळलाय. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

उभ्या गाडीत रेस करून घेतलेलं माप अर्धवट असतं. इंजिनला जास्तीत जास्त डिझेल लागतं ते लोडवर, आणि तुमचा दोष तिथेच येतो. गेजची नळी लांब घ्या, गेज समोरच्या काचेवर बाहेरून टेपने चिकटवा आणि शेजारच्याला वाचायला सांगा. नळी एक्झॉस्ट, बेल्ट आणि फॅनपासून लांबून न्या. डिझेलची नळी केबिनमध्ये आणायची नाही.

काळा धूर
एवढा खटाटोप कशाला? फिल्टर नवीन आहे, म्हणजे पुरवठा ठीक. पंपच असणार.

पान्हा नं. १७
@काळा धूर, फिल्टरच्या आधी टाकीतली जाळी, पिकअप पाइप, गाडीखालची चार-पाच मीटर लाइन आणि निदान सहा जोड आहेत. नवीन फिल्टर त्यातलं काहीच सिद्ध करत नाही. शिवाय फिल्टर बदलताना ओ-रिंग चिमटली तर तिथूनच हवा शिरते.

हीटरवाली मावशी
कॅम्पर म्हटलं की माझी पहिली नजर हीटरच्या जोडावर जाते. हीटरचं डिझेल कुठून घेतलंय? टाकीत स्वतंत्र पिकअप आहे की इंजिनच्या सप्लाय लाइनला टी मारलाय?

हीटर पितो किती, तर २ किलोवॅटचा पूर्ण जोरात ताशी पाव लिटरच्या आसपास. तेवढ्याने इंजिन उपाशी राहत नाही. भानगड जोडात असते. ८ मिलिमीटरच्या लाइनमध्ये घातलेल्या टीवर ढिली रबरी नळी चढवून ती स्क्रूवाल्या जुबिली क्लिपने आवळलेली असते. बारीक नळीवर अशी क्लिप गोल आवळली जात नाही, स्क्रूखाली एक सूक्ष्म फट राहते. त्यातून डिझेल बाहेर येत नाही, कारण लाइनमध्ये व्हॅक्यूम असतो, पण हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. सकाळी लांब सेल्फ मारावा लागतो ते यानेच होत असेल: रात्री हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं.

आणखी एक. गाडीखाली पाण्याची टाकी, पायरी किंवा गॅसचं सिलिंडर नंतर बसवलेलं असेल तर त्याच्या ब्रॅकेटखाली डिझेलची लाइन चेपलेली नाही ना, ते बोटाने चाचपून बघा. वरवर बघून कळत नाही.

सूत्रधार
एक सूचना, मग चालू द्या. हाय प्रेशर बाजूचा कुठलाही नट इंजिन चालू असताना सैल करायचा नाही. जुन्या यांत्रिक पंपांत नोझलचा नट सैल करून हवा काढायची पद्धत होती, ती इथे जीवघेणी आहे. हजार बारचं डिझेल सुईसारखं कातडीतून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात वाचवायला तातडीने शस्त्रक्रिया लागते. गळती हाताने चाचपू नका. इंजिन बंद करून स्कॅनरवर दाब शून्यावर आलेला बघा, आणखी काही मिनिटं थांबा, मगच पान्हा लावा. हाय प्रेशर पाइप एकदा काढला की बऱ्याच कंपन्या नवा लावायला सांगतात, कारण टोकाचा शंकूसारखा भाग एकदाच नीट बसतो.

चाकांवरचं घर
मापं घेतली. हीटर सप्लाय लाइनवरच टी मारून जोडलाय, फिल्टरच्या आधी. सेन्सर ठीक: किल्ली ऑनवर ० बार, ०.५१ व्होल्ट.

फिल्टरनंतर: आयडल ०.१६ बार, उभ्या गाडीत ३००० आरपीएमला ०.३४, चढावर पूर्ण लोडला ०.५८.
फिल्टरआधी: ०.१४, ०.२९ आणि ०.५२.
टाकीचं झाकण सैल करून चढावर: ०.५१.

ग्राफ: २४०० आरपीएमपर्यंत मागणी आणि प्रत्यक्ष दाब एकत्र. पुढे प्रत्यक्ष झुकत जातो. २८०० ला मागणी १४००, प्रत्यक्ष १०१०, मीटरिंग व्हॉल्व्हची कमांड टोकाला. आयडलला २८० पैकी २८०.

पारदर्शक नळीत आयडलला बुडबुडे नाहीत. ३००० ला बारीक बुडबुड्यांची सलग रांग दिसते.

काळा धूर
बुडबुडे आहेत म्हणजे हवा. टी बदला, विषय संपला.

रेलचा डबा
नाही हो, इथेच लोक फसतात. गेज आणि पारदर्शक नळी एकत्र वाचायची असते.

व्हॅक्यूम कमी आणि बुडबुडे: हवा शिरतेय, लाइनमध्ये अडथळा नाही. फुटक्या स्ट्रॉने सरबत ओढल्यासारखं. ओढायला जोर लागत नाही, पण तोंडात हवाच येते.
व्हॅक्यूम जास्त, बुडबुडे नाहीत: निव्वळ अडथळा.
व्हॅक्यूम जास्त आणि बुडबुडेही: आधी अडथळा, मग हवा. अर्ध्या बारच्या ओढीला जो जोड एरवी बरा असतो तोही हवा घ्यायला लागतो. शिवाय डिझेलमध्ये विरघळलेली हवासुद्धा व्हॅक्यूममध्ये बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सुटते, त्याला फटही लागत नाही.

ताईंचं माप तिसऱ्या प्रकारचं आहे. फिल्टर ०.०६ बार खातोय, म्हणजे निर्दोष. झाकण सैल केल्यावर ०.५२ चं ०.५१ झालं, म्हणजे टाकीचा व्हेंट (हवा आत घ्यायची वाट) तुंबलेला नाही. अडथळा टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये आहे आणि पंपावर अजून तरी काही आरोप ठेवता येत नाही. नुसता टी बदलला असता तर बुडबुडे थोडे कमी झाले असते आणि चढावर पी००८७ पुन्हा आला असता.

पान्हा नं. १७
आता कॅन लावून बघा. दहा लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळलेलं डिझेल, पिकअपची नळी तळापासून दोन बोटं वर. टाकीकडून येणारी लाइन फिल्टरआधी सोडवून बूच मारा आणि कॅनची नळी फिल्टरच्या इनलेटला द्या. रिटर्न लाइनला हात लावू नका, ती टाकीतच जाऊ दे, पण मग कॅनमधलं डिझेल भराभर संपतं याचं भान ठेवा. कॅन गाडीच्या बाहेर किंवा इंजिन खणात गरम भागापासून लांब, घट्ट बांधून. हातपंपाने लाइन भरा आणि छोट्या चढावर एक फेरी मारा. दोष गेला तर अडथळा मागे आहे, पंपाची सुटका.

दुसरी सोपी युक्ती म्हणजे टाकीचं झाकण उघडं ठेवून फिल्टरकडच्या टोकातून टाकीच्या दिशेने अगदी कमी दाबाने, अर्ध्या बारच्या आत, हवा मारायची. व्हॅक्यूम लगेच उतरला आणि थोडं अंतर चालवल्यावर पुन्हा चढला तर टाकीतली जाळी. उतरलाच नाही तर चेपलेली लाइन.

प्रश्नचिन्ह
धागा वाचनखुणेत साठवला. माझ्या व्हॅनमध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे. हीच पद्धत चालेल का? आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट कशी करायची?

ओहम शांती
तुमच्याकडे व्हॅक्यूमऐवजी दाब मोजायचा, ० ते १० बारचं गेज. टाकीतल्या पंपाचा दाब बऱ्याच गाड्यांत ३.५ ते ५ बार असतो. नुसत्या दाबावर जाऊ नका, प्रवाह मोजा: रिटर्न भांड्यात सोडून ३० सेकंदांत किती मिलिलिटर येतं ते मॅन्युअलशी ताडून बघा. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या मानाने एक व्होल्टहून जास्त घट दिसली तर रिले, फ्यूज, जोड किंवा अर्थिंग बघा. कॅम्परमध्ये दुसऱ्या बॅटरीची वायर फ्यूज बॉक्समध्ये कुठेही खुपसलेली असते, त्या जोडापाशी तापलेलं, पिवळं पडलेलं प्लास्टिक शोधा. तुमच्या गाडीत कॅन लावायचा तर कॅनलाही तेवढ्याच दाबाचा पंप लागेल, नुसती नळी चालणार नाही.

रेलचा डबा
रिटर्न टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून वेगळ्या, एकसारख्या मापाच्या बाटलीत सोडायची आणि इंजेक्टरांकडून येणाऱ्या कॉमन रिटर्न लाइनला बूच मारायचं. गरम इंजिन, तीन मिनिटं आयडल, मग एक मिनिट २५०० आरपीएम. बाटल्यांत साधारण सारखं डिझेल हवं. एकात इतरांच्या तिप्पट असेल तर तो इंजेक्टर उताणा पडलाय. गरम इंजिन सुरूच होत नसेल तर सेल्फ मारतानाच बघा, तेव्हा रिटर्न जवळपास शून्य हवं. तेव्हाच धार लागली तर सुरू व्हायला लागणारा दाब रेलमध्ये साठणारच नाही. पुष्कळ इंजिनांत निदान २०० बारच्या आसपास झाल्याशिवाय इसीयू इंजेक्टर उघडतच नाही.

मोठा अपवाद: पिएझो इंजेक्टर (कॉइलऐवजी विजेने ताणणाऱ्या स्फटिकावर चालणारे). बॉशच्या पिएझो इंजेक्टरांना रिटर्न लाइनमध्ये १० बारच्या आसपास दाब धरलेला लागतो. रिटर्न उघडी सोडली तर ते कामच करत नाहीत आणि चांगले इंजेक्टर वाईट ठरतात. इंजेक्टरवरचा नंबर आधी वाचा.

प्रश्नचिन्ह
नंबर बघितला, सोलेनॉइड (कॉइलवाले) आहेत. थंड असताना झटक्यात सुरू होते, गरम असताना पंधरा मिनिटं थांबून सेल्फ मारला की घेत नाही. तर?

रेलचा डबा
मग आतली गळतीच. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. सकाळी त्रास आणि गरम झाल्यावर ठीक असं उलटं असतं तर हवा शिरतेय, किंवा कडक थंडीत डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये गोठतंय, असं म्हटलं असतं. बाटल्या लावा. सगळ्या सारख्या आल्या तर रेलवरच्या प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्हची रिटर्न नळी वेगळी काढून सेल्फ मारा. तिथून धार आली तर तो धरत नाहीये.

चाकांवरचं घर
कॅन लावून बघितला. चढावर व्हॅक्यूम ०.२१, दाब मागणीला चिकटून १४०० पर्यंत गेला, कोड नाही. उलटी हवा मारल्यावर ०.२५ पर्यंत उतरला आणि ६० किलोमीटरनंतर पुन्हा ०.४७.

टाकी उतरवली. पिकअपच्या जाळीवर काळपट तपकिरी, बुळबुळीत साय. बोटांत घेतली तर तुटत नाही, लांबते. तळातला नमुना काचेच्या बरणीत रात्रभर ठेवला: वर डिझेल, खाली बोटभर पाणी, आणि दोघांच्या मध्ये काळी पापुद्र्यासारखी रेघ.

हीटरवाली मावशी
ती रेघच मूळ. बुरशी आणि जिवाणू पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर राहतात, पाण्यात राहून डिझेल खातात. अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली की रात्रीच्या गारठ्यात आतल्या हवेतलं पाणी भिंतींना धरतं आणि तळाला जातं. बायोडिझेलचा अंश असलेलं डिझेल पाणी जास्त धरतं, त्यामुळे ही वस्ती लवकर होते.

काळा धूर
मग बायोसाइड (बुरशी-जिवाणू मारणारं औषध) ओता. टाकी उतरवायची गरजच नव्हती.

हीटरवाली मावशी
नुसतं ओतलं असतं तर मेलेला थर सुटून एकदम जाळीवर आणि फिल्टरवर आला असता, आणि गाडी भर चढावर बंद पडली असती. औषध किडा मारतं, गाळ उचलून नेत नाही. आधी पाणी आणि गाळ काढायचा, टाकी पुसायची, लाइन धुवायची, नवा फिल्टर लावायचा. मग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मारणारा डोस, ताज्या डिझेलसोबत. जास्त टाकून जास्त गुण येत नाही. त्यानंतरही एक जादा फिल्टर गाडीत ठेवा, पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये तो लागतोच असं धरून चाला. गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरा, म्हणजे पाणी धरायला मोकळी हवाच उरणार नाही.

ओहम शांती
टाकी उतरलीच आहे तर फिल्टरच्या तळाचं डिझेल पांढऱ्या कापडावर ओतून उन्हात बघा. चमचमती चांदीसारखी कणी आहे का? मीटरिंग व्हॉल्व्ह काढता येत असेल तर त्याच्या जाळीवरही बघा. महिनोन्‌महिने उपाशी चाललेल्या पंपाचं वंगण तुटतं, कारण त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. बॉशच्या सीपी४ पंपात कॅमवरचा रोलर घासला की पोलादी कीस थेट रेल आणि इंजेक्टरांत जातो. कीस दिसला तर एकटा पंप बदलून उपयोग नाही: इंजेक्टर, रेल, हाय प्रेशर पाइप, लाइन धुणं, टाकी, सगळंच आलं. रिटर्नमधून कीस टाकीतही पोचलेला असतो.

चाकांवरचं घर
कापडावर कीस नाही, मीटरिंग व्हॉल्व्हची जाळी स्वच्छ. टाकी धुतली, हीटरसाठी टाकीच्या माथ्यावर वेगळा पिकअप बसवला, सप्लाय लाइनचा टी काढून तिथे अखंड नळी टाकली. हीटरच्या पिकअपचं टोक इंजिनच्या पिकअपपेक्षा वर ठेवलं, म्हणजे हीटरने सगळं डिझेल पिऊन टाकलं तरी गाडी हलवण्यापुरतं उरेल. चढावर आता व्हॅक्यूम ०.१९, दाब १४०० पैकी १३९०. सकाळी सेल्फ एका सेकंदात.

एक राहिलं: हीटर आता पाच मिनिटं चालून विझतो.

हीटरवाली मावशी
लाइनमध्ये हवा राहिलीय. हीटरच्या डोझिंग पंपानंतरची बारीक नायलॉनची नळी रबरी जोडात घालताना दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली हवीत. मध्ये फट राहिली की तिथे बुडबुडा साठतो आणि ज्योत तुटते. टोकं ब्लेडने सरळ कापलीत की कात्रीने? कात्रीने नळी चेपते.

चाकांवरचं घर
कात्रीने. ब्लेड आणते.